मिसुरीने परवाना रद्द केला, पुढे काय झालं?

अमेरिकेतल्या मिसुरी राज्यात पिस्तूल घ्यायचं तर आधी शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलिसप्रमुखाच्या, कचेरीत जातीने जावं लागे. पूर्वेतिहास तपासून परवाना मिळे, आणि तो पाहिल्याशिवाय दुकानदारच काय, शेजारीसुद्धा आपलं जुनं पिस्तूल विकू शकत नसे. १९२१पासूनचा हा नियम राज्याने ऑगस्ट २००७मध्ये रद्द केला. देशपातळीवरचा कायदा तपासणीची सक्ती करतो ती परवानाधारक विक्रेत्यांना. खासगी विक्रेत्याला आता कुणाला काही विचारायची गरज उरली नाही.

'कडक कायद्याने गोळीबार कमी होतात का' हा प्रश्न प्रयोगशाळेत सुटत नाही. नाणं उडवून अर्ध्या राज्यांना कायदा द्यायचा आणि अर्ध्यांना नाही, असं कोण करू देईल? म्हणून असे आयते घडलेले प्रयोग संशोधक सोडत नाहीत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या डॅनियल वेबस्टर यांच्या गटाने २०१४मध्ये हिशेब मांडला: मिसुरीत बंदुकीने होणाऱ्या खुनांचा दर सुमारे २३ टक्क्यांनी वाढला होता. दर वर्षी पन्नासहून अधिक जास्तीचे खून.

मला मात्र या आकड्यापेक्षा त्यातले बारकावे जास्त पटतात. इतर हत्यारांनी होणारे खून वाढले नाहीत. शेजारच्या राज्यांत तशी वाढ दिसली नाही. आणि विक्रीनंतर थोड्याच काळात पोलिसांच्या हाती लागणाऱ्या बंदुकांचं प्रमाण दोन वर्षांत जवळपास दुप्पट झालं. म्हणजे बंदूक दुकानातून निघून गुन्ह्यापर्यंत पोचायचा रस्ता आखूड झाला होता.

कनेक्टिकटने १९९५मध्ये उलटी वाट धरली: पोलिसांकडून परवाना, ८ तासांचं प्रशिक्षण, वय किमान २१. तिथे पहिल्या दहा वर्षांत बंदुकीचे खून ४० टक्क्यांनी घटल्याचा अंदाज २०१५मध्ये निघाला. तो जरा जपूनच घ्यावा, कारण नव्वदच्या दशकात सगळ्या अमेरिकेतच खून कमी होत होते. पुढच्या विश्लेषणात हा आकडा २८ टक्क्यांच्या आसपास उतरला. त्याहून बोलकं उदाहरण कॅलिफोर्नियाचं. तिथे १९९१पासून खासगी विक्रीलाही तपासणी सक्तीची झाली, पण कनेक्टिकटसारखा परवाना नव्हता. खुनांच्या दरात त्याचा फरक सापडला नाही.

आपल्याकडचा वाचक लगेच म्हणेल, गुन्हेगार कुठे परवाना काढायला जातो? १९५९चा शस्त्र अधिनियम आहेच, तरी 'गावठी कट्ट्यासह तरुण जेरबंद' ही बातमी छापून येतेच. खरं आहे. पण कट्टा जन्मापासून बेकायदा असतो. अमेरिकेत गुन्ह्यात सापडणाऱ्या बहुतेक बंदुका कारखान्यात कायदेशीर बनलेल्या आणि निदान एकदा रीतसर विकलेल्या असतात. भलत्या हातात त्या पडतात पुढच्या व्यवहारात, पुष्कळदा दुसऱ्याच्या नावाने खरेदी करून. मित्रासाठी पिस्तूल घेऊन देणाऱ्याला स्वतः पोलिसांसमोर उभं राहायची वेळ आली, की तो दोनदा विचार करतो.

आणि खून हा अर्धाच विषय. २०२१मध्ये अमेरिकेत बंदुकीने ४८,८३० माणसं गेली, त्यातल्या निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या. इस्रायली लष्कराने २००६मध्ये सुट्टीवर जाणाऱ्या सैनिकांना रायफल तळावरच ठेवायला सांगितली, तेव्हा सैनिकांच्या आत्महत्या सुमारे ४० टक्क्यांनी घटल्या. कठीण घटका टळली की माणूस बहुधा वाचतो.

इतक्या महत्त्वाच्या प्रश्नावर अभ्यास तुटपुंजे का, याचं एक उत्तर पैशात आहे. १९९६मध्ये अमेरिकी संसदेने सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेच्या अंदाजपत्रकातून २६ लाख डॉलर दुसरीकडे वळवले. बंदुकांच्या संशोधनावर तेवढेच खर्च होत होते, हा काही योगायोग नव्हे. पुन्हा खास निधी मिळायला २०१९चा डिसेंबर उजाडला. रँड या संस्थेने उपलब्ध अभ्यास चाळले, तेव्हा बहुतेक कायद्यांपुढे 'पुरावा अपुरा' असा शेरा पडला. त्याचा अर्थ 'उपयोग नाही' असा लावणारे पुष्कळ आहेत, पण तो तसा होत नाही. ठाम पुरावा मिळालेल्या मोजक्या कायद्यांत एक अगदी साधा आहे: घरातली बंदूक मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा, नाहीतर जबाबदारी तुमची.