स्मृतिभ्रंशविषयक सहयोगी संशोधन आणि जनवकिली (बेळगाव सीमाभाग)

स्मृतिभ्रंश किंवा डिमेन्शिया हा मेंदूच्या वेगवेगळ्या आजारांतून उद्भवणारा लक्षणसमूह असून त्यात स्मरण, भाषा, दिशाभान (स्थळकाळाची जाण) आणि निर्णयशक्ती इतकी ढासळते की रोजचे व्यवहार दुसऱ्याच्या आधारावाचून होत नाहीत. अल्झायमर हे त्याचे सर्वांत मोठे कारण होय. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, आशा कार्यकर्त्या आणि रुग्णाच्या घरची माणसे यांनी मिळून या अवस्थेची मोजणी करणे, घरी देता येईल अशी मदत पारखून पाहणे आणि हाती आलेल्या पुराव्याच्या बळावर शासनाकडे सेवा व हक्क मागणे, अशा कामांना सहयोगी संशोधन व जनवकिलीचे प्रकल्प म्हणतात. बेळगाव (२०१४ पासून अधिकृत नाव बेळगावी), खानापूर आणि निपाणी या मराठीभाषक पट्ट्यात अशा प्रत्येक कामाला आधी भाषेचा प्रश्न सोडवावा लागतो.

भारतात या पद्धतीचा पाया कोचीत घातला गेला. अल्झायमर रुग्णांसाठी काम करणारी एआरडीएसआय ही राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये तेथे स्थापन झाली आणि १९९८ मध्ये तेथेच ‘१०/६६’ हा आंतरराष्ट्रीय संशोधक गट आकाराला आला. जगातील ६६ टक्के रुग्ण विकसनशील देशांत असताना लोकसंख्याधारित संशोधनापैकी १० टक्केही तेथे होत नाही, ही तक्रारच त्या गटाने नाव म्हणून धारण केली. पुढे लासी-डॅड या वृद्धांच्या स्मृतिभ्रंशाच्या देशव्यापी पाहणीच्या आधारे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, स्मृतिभ्रंश आहे. हे प्रमाण पुरुषांपेक्षा स्त्रियांत आणि शहरांपेक्षा खेड्यांत अधिक आढळले.

सीमाभागाला सर्वांत जवळचा धडा चोर्ला घाटाच्या पलीकडे, गोव्यात मिळतो. तेथील गुणात्मक अभ्यासात (२००१) असे दिसले की लोक लक्षणे नेमकी ओळखतात, पण त्यांना आजार मानत नाहीत. ती वार्धक्याची रीत तरी समजली जाते, नाहीतर मुलांनी हेळसांड केल्याचे फळ. घाटाच्या अलीकडेही ‘साठी बुद्धी नाठी’ ही म्हण आणि ‘म्हातारचळ’ हा शब्द तेच सांगतात. त्यातून सून दुहेरी कात्रीत सापडते: सेवाही तिनेच करायची आणि सासूच्या बिघाडाचा ठपकाही तिनेच सोसायचा. गोव्यातील पुढच्या प्रयोगात (२००८) ८१ कुटुंबे सहभागी झाली. प्रशिक्षण दिलेल्या स्थानिक कार्यकर्त्यांनी घरी जाऊन आजाराची माहिती देणे, त्रासदायक वागणुकीला कसे तोंड द्यावे हे दाखवणे, असे काम सहा महिने केले. त्यामुळे काळजी घेणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले आणि रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा जाच कमी झाला. रुग्णाच्या स्वतःच्या कार्यक्षमतेत मात्र म्हणण्याजोगा फरक पडला नाही. हा निष्कर्ष निराशाजनक मानण्याचे कारण नाही, कारण बरे करणारे औषध हाती नसताना घर सावरणे हेच साध्य होते.

निदानाच्या चाचण्यांकडे वळले की सीमाभागाची अडचण उघड होते. १९७५ पासून जगभर वापरात असलेल्या एमएमएसई या स्मरण व भान तपासणाऱ्या प्रश्नावलीत ‘आपण कोणत्या राज्यात आहोत’ असा एक प्रश्न आहे. बेळगावातील आजची सत्तरीपुढची पिढी मुंबई राज्यात जन्मली, १ नोव्हेंबर १९५६ रोजी म्हैसूर राज्यात गेली आणि १९७३ मध्ये त्या राज्याचे नाव कर्नाटक झाले. एखाद्या आजोबांनी ‘महाराष्ट्र’ असे उत्तर दिले, तर तो दिशाभानाचा दोष धरायचा की त्यांचे जन्मभराचे मत, हे गुण देणाऱ्याला त्यांच्या घरच्यांनाच विचारावे लागेल. अक्षरओळख नसलेल्यांसाठी हरियाणातील बल्लभगड येथे भारत-अमेरिका संयुक्त अभ्यासात या चाचणीचे हिंदी रूप तयार झाले, तेव्हा आठवड्याचे वार उलट क्रमाने सांगण्यासारखे प्रश्न त्यात आले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा चाचणीसंच प्रथम हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या पाच भाषांत प्रमाणित झाला. मराठी त्यांत नव्हती. मराठी शाळेत शिकलेल्या आजींची परीक्षा कन्नडमधून घेतली तर गुण घसरतात ते भाषेमुळे की आजारामुळे, हे कळत नाही. पुणेरी मराठीतील अनुवादही येथे जसाच्या तसा चालणार नाही. घरात मराठी आणि बाजारात कन्नड बोलणाऱ्याने चित्रातील वस्तूचे नाव कन्नडमध्ये सांगितले, तर ते चूक धरता येत नाही.

याच बहुभाषिकतेची दुसरी बाजू हैदराबादच्या अभ्यासात (२०१३) पुढे आली. सुवर्णा अल्लाडी आणि सहकाऱ्यांनी ६४८ रुग्णांच्या नोंदी तपासल्या, तेव्हा एकाहून अधिक भाषा बोलणाऱ्यांत स्मृतिभ्रंशाची सुरुवात सरासरी साडेचार वर्षे उशिरा झालेली आढळली, आणि निरक्षरांतही हा फरक टिकला. मराठी, कन्नड, उर्दू आणि कोकणी यांच्यात दिवस काढणारा बेळगाव परिसर अशा अभ्यासासाठी आयते क्षेत्र आहे.

कर्नाटकातील मोठे उपक्रम राज्याच्या दक्षिण भागात सुरू झाले: कोलार जिल्ह्यातील श्रीनिवासपूरचा दीर्घकालीन ग्रामीण अभ्यास, तसेच निम्हान्स या बेंगळुरूच्या मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्थेच्या सहभागाने २०२२ मध्ये सुरू झालेला राज्याचा मेंदू आरोग्य उपक्रम. गावपातळीवरच्या संशोधनाचा अनुभव मात्र बेळगावात जुना आहे. जवाहरलाल नेहरू वैद्यकीय महाविद्यालयाने प्रसूतीनंतरच्या रक्तस्रावावरील औषधाची चाचणी गावोगावच्या परिचारिकांमार्फत घेतली होती आणि तिचे निष्कर्ष २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. वृद्धांसाठी असे जाळे पुन्हा विणता येण्यासारखे आहे.

जनवकिलीला कायद्याचा आधार आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या व्याख्येत दिशाभान आणि स्मृती यांचे विकार येतात. आपल्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी भान शाबूत असतानाच नेमून ठेवण्याची सोयही त्यात आहे. सीमाभागातील आरोग्यविषयक मागण्या सहसा रुग्णालयाभोवती फिरतात. ८६५ सीमागावांतील मराठी भाषकांना महात्मा फुले जनआरोग्य योजना लागू करण्याचा महाराष्ट्र शासनाचा २०२३ मधील निर्णय त्याच वळणाचा होता, आणि त्यावरून दोन्ही राज्यांत वादही झाला. पण ती योजना मुख्यतः दाखल होऊन घ्यायच्या उपचारांसाठी आहे, तर स्मृतिभ्रंशाची बहुतेक वर्षे माजघरात जातात. आरोग्य हा राज्यसूचीतील विषय असल्याने घरपोच सेवेची मागणी बेंगळुरूकडेच करावी लागते, आणि खानापूरच्या घरांत मराठीत टिपलेली निरीक्षणे तिथवर कन्नडमधून न्यावी लागतात.