थेपल्याची मराठी बहीण

दांडिया बाजारातल्या आमच्या घरी तीन वर्षांपूर्वी वहिनीने थालीपिठाची भाजणी विकायला सुरुवात केली. बडोद्यातल्या मराठी घरांत ती हातोहात खपली. तिथे कुणाला काही समजावून सांगावं लागत नव्हतं. पाकीट फोडून वास घेतला की काम झालं. पण ओळखीची मराठी घरं संपली आणि विक्री तिथेच थांबली. रावपुऱ्यातल्या एका किराणा दुकानात तिने वीस पाकिटं ठेवली होती. महिन्याने एकोणीस परत आली.

दुकानदार भला माणूस. म्हणाला, "बेन, माल सारो छे, पण लोको पूछे छे, आ शेनो लोट छे?" हे पीठ कसलं, असा प्रश्न. वहिनी मनापासून उत्तर द्यायची: ज्वारी, बाजरी, तांदूळ, हरभऱ्याची डाळ, उडीद, धने, जिरं, सगळं वेगवेगळं भाजून मग दळलेलं. उत्तर खरं होतं, पूर्णही होतं. पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात त्याला टेकायला जागा नव्हती.

मी मानसशास्त्र शिकवतो. सर्जनशीलतेवरचे प्रयोग वर्षानुवर्षं फळ्यावर मांडत आलो, पण ते खरे कळले ते या भाजणीच्या व्यवहारात. म्हणून हा लेख.

नवी गोष्ट मेंदूला आवडते की जुनी? दोन्ही बाजूंनी पुरावा आहे. १९६८ मध्ये रॉबर्ट झायोंक यांनी लोकांना अनोळखी चिनी चिन्हं आणि अर्थ नसलेले शब्द दाखवले. काही एकदाच, काही पुन्हा पुन्हा. जे जास्त वेळा दिसलं ते लोकांना जास्त चांगलं वाटलं, कारण काही नसताना. नुसती ओळखसुद्धा आवड निर्माण करते. दुसरीकडे डॅनियल बर्लाइन यांनी दाखवलं की अगदी सवयीच्या गोष्टीचा कंटाळा येतो आणि अगदी अनोळखी गोष्टीची धास्ती वाटते. आवड शिखरावर असते ती मधे कुठेतरी. अमेरिकेतले प्रसिद्ध डिझायनर रेमंड लोवी हे अनुभवातून सांगत असत: ग्राहकाला झेपेल तितकंच पुढचं द्या. २००३ मध्ये नेदरलँड्समधल्या संशोधकांनी टेलिफोन, किटल्या यांसारख्या रोजच्या वस्तूंवर हे तपासून पाहिलं. नावीन्य आणि ओळखीचं रूप एकमेकांना मागे खेचतात, पण लोकांची पसंती दोन्हींवर जवळपास सारखीच अवलंबून असते, असं त्यांना दिसलं. एकाचा बळी देऊन दुसरं वाढवलं तर पदरात फारसं पडत नाही.

वहिनीकडे नावीन्य भरपूर होतं, ते अडकवायला ओळखीची खुंटी नव्हती. खुंटी सापडली कमाटीबागेत.

ती रोज सकाळी तिथे फिरायला जाते. एक दिवस चहाच्या वेळी आली आणि चप्पल काढता काढताच म्हणाली, "भावोजी, थालीपीठ म्हणजे काय हे मी त्यांना सांगतच बसणार नाही. थेपलानी मराठी बेन, एवढंच लिहिणार." थेपल्याची मराठी बहीण! थेपला माहीत नाही असं गुजराती घर नसतं. या तीन शब्दांत ते पीठ कसलं, त्याचं काय करायचं, ते कधी खायचं आणि कशाबरोबर, सगळं आलं. वर थोडं कुतूहलही उरलं: बहीण, म्हणजे तीच नव्हे.

हे चालताना सुचलं यात नवल नाही. स्टॅनफर्डमधल्या दोन संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं की बसलेल्यापेक्षा चालणाऱ्या माणसाला एखाद्या वस्तूचे वेगळे उपयोग सरासरी ६० टक्के जास्त सुचतात. बंद खोलीत कोऱ्या भिंतीकडे तोंड करून यंत्रावर चाललं तरी. आणि परत येऊन बसल्यावरही थोडा वेळ तो जोर टिकतो.

बडोद्याच्या माणसाला नवं-जुन्याचा हा मेळ तसा नवा नाही. राजा रविवर्मा यांनी सयाजीराव महाराजांच्या लक्ष्मी विलास राजवाड्यासाठी १४ पौराणिक चित्रं काढली. तैलरंग, छायाप्रकाश, अंगाचा उठाव, ही सगळी रीत युरोपची. पण त्या चित्रांतली माणसं आजीच्या गोष्टीतली. बडोद्याचे माजी दिवाण टी. माधवराव यांनी त्यांना सुचवलं होतं की तुमच्या चित्रांना एवढी मागणी आहे की एका माणसाचे दोन हात पुरणार नाहीत, तेव्हा त्यांच्या छापील प्रती काढा. १८९४ मध्ये मुंबईकडे रविवर्मांचा छापखाना सुरू झाला आणि साडी नेसलेली लक्ष्मी, हातात वीणा घेतलेली सरस्वती घरोघरी भिंतीवर आली. राजवाड्याचं दार ज्यांना कधी उघडलं नसतं त्यांच्या देवघरापर्यंत ती चित्रं पोचली. देवी ओळखीची होती म्हणूनच नवी रीत घरात शिरली, असं मला वाटतं.

आता पाकीट. फरसाणाच्या दुकानातली फळी डोळ्यांपुढे आणा: लाल, पिवळं, चकचकीत, प्रत्येकावर भरलेल्या ताटाचा फोटो. छापखान्यातला माणूस आमच्यासाठीही तसंच करायला निघाला होता. मी वहिनीला हेडविग फॉन रेस्टोर्फ यांचा १९३३ चा प्रयोग सांगितला. बर्लिनमध्ये त्यांनी लोकांना एकसारख्या गोष्टींच्या याद्या पाठ करायला दिल्या, त्यांत मधेच एखादी वेगळ्या जातीची. म्हणजे निरर्थक अक्षरांच्या यादीत एखादा आकडा. तो आकडा लोकांच्या हमखास लक्षात राहायचा. गंमत अशी की आकड्यांच्या यादीत एखादा अक्षरांचा तुकडा घातला, तर तो तुकडा लक्षात राहायचा. म्हणजे वेगळेपण त्या वस्तूत नसतं, ते शेजाऱ्यांवर ठरतं. म्हणून पाकीट घरी टेबलावर ठेवून बघायचं नाही, दुकानातल्या फळीवर ठेवून बघायचं.

वहिनीने साधा खाकी कागद घेतला. त्यावर तपकिरी रंगाचा एक मोठा गोल, आणि गोलात पाच भोकं: एक मधे, चार भोवती. थालीपिठाला आपण बोटाने पाडतो तशीच. भोकं छापलेली नाहीत, खरोखर कापलेली. आतल्या पारदर्शक पिशवीतून भाजणीचा रंग दिसतो. मराठी बाई ते लांबून ओळखते. गुजराती बाई थांबते, बोट लावून बघते आणि मग ओळ वाचते.

इथून पन्नास किलोमीटरच्या आत असलेल्या आणंदच्या अमूलने हेच किती वर्षं केलंय बघा. ठिपक्यांच्या फ्रॉकातली ती मुलगी १९६६ पासून तीच आहे. बदलतो तो तिच्यासमोरचा प्रसंग आणि ओळ. ओळखीमुळे नजर जाते, नव्या प्रसंगामुळे खिळते.

नव्या पाकिटाने विक्री उचलली. दोन महिने घरात आनंद होता. तिसऱ्या महिन्यात लक्षात आलं की नवी गिऱ्हाइकं येतायत, पण पुन्हा येत नाहीत. का, ते कुणालाच कळेना.

तोपर्यंत वहिनीकडे कामाला पाच जणी झाल्या होत्या. तिने सगळ्यांना ओट्याजवळ बसवलं आणि म्हणाली, "बोला गं, मनात येईल ते बोला." भाजणाऱ्या काकू बोलल्या: मीठ कमी पडत असेल. मग सगळ्याच मिठावर बोलल्या. अर्धा तास मीठ. पॅकिंगला येणारी सर्वांत धाकटी, कॉलेज करून येणारी मुलगी शेवटपर्यंत गप्प. वहिनीने मग बक्षीस लावलं: कारण शोधेल तिला पाचशे रुपये. त्यावर तर ओटा अधिकच शांत झाला.

एकत्र बसून मनात येईल ते बोलायची ही पद्धत जाहिरातीच्याच धंद्यातून आली. ॲलेक्स ऑसबॉर्न या अमेरिकन जाहिरात कंपनीच्या भागीदाराने ती १९४०-५० च्या दशकांत रूढ केली आणि जगभरच्या ऑफिसांनी उचलली. पण १९५८ मध्ये येल विद्यापीठात ती तपासली गेली तेव्हा उलटंच निघालं. चौघांनी एकत्र बसून काढलेल्या कल्पना एका बाजूला, आणि चार जणांनी वेगवेगळ्या खोल्यांत बसून काढलेल्या कल्पनांची बेरीज दुसऱ्या बाजूला. वेगळ्या बसलेल्यांच्या कल्पना जवळजवळ दुप्पट भरल्या. का, याचा छडा जर्मनीत डील आणि श्ट्रोबं यांनी १९८७ मध्ये लावला. लोक आळस करतात किंवा हसतील म्हणून भितात, ही कारणं थोडीफार खरी, पण सर्वांत मोठं कारण अगदी साधं होतं: एका वेळी एकालाच बोलता येतं. आपली पाळी येईपर्यंत दुसऱ्याचं ऐकावं लागतं, आणि ऐकता ऐकता आपला धागा सुटतो. आमच्या ओट्यावर तेच झालं. मीठ सगळ्यांच्या डोक्यात शिरलं आणि बाकीचं बाहेर पडलं.

दुसऱ्या दिवशी मी चिठ्ठ्या वाटल्या. दहा मिनिटं कुणी बोलायचं नाही, प्रत्येकीने लिहायचं, नाव घालायचं नाही. काकूंना लिहायची सवय नव्हती, त्यांचं मी आतल्या खोलीत बसून ऐकलं आणि लिहून घेतलं. चिठ्ठ्या स्टीलच्या वाडग्यात. एक चिठ्ठी अशी होती: "आमच्या शेजारच्या बेन वेलण घेऊन लाटतात. पीठ फाटतं. मग म्हणतात पीठच खराब."

वाचून वहिनी क्षणभर बसूनच राहिली. बरोबर होतं. थेपल्याची बहीण म्हटल्यावर कुणीही लाटणंच हातात घेणार! भाजणीत गव्हाची चिकटी कमी. ती लाटायची नसते, ओल्या फडक्यावर किंवा तव्यावर थापायची असते. हे मराठी घरात कुणी कुणाला शिकवत नाही, हात बघूनच शिकतो. ज्या खुंटीने पीठ विकलं गेलं, तीच खुंटी बाईचा हात अडवत होती.

कार्ल डुंकर या मानसशास्त्रज्ञाचा मेणबत्तीचा प्रयोग म्हणजे हेच. टेबलावर मेणबत्ती, काडेपेटी आणि एका खोक्यात टाचण्या. मेणबत्ती भिंतीवर लावायची. उत्तर असं की खोकं रिकामं करून भिंतीला टाचायचं आणि त्यावर मेणबत्ती उभी करायची. पण खोक्यात टाचण्या भरलेल्या असल्या की ते 'टाचण्यांचं खोकं' होऊन बसतं आणि बहुतेकांना सुचत नाही. टाचण्या बाहेर काढून ठेवल्या की पटकन सुचतं.

वहिनीच्या पाचशे रुपयांचं उत्तरही याच खोक्यात आहे. १९६२ मध्ये सॅम ग्लक्सबर्ग यांनी काही जणांना सांगितलं की लवकर सोडवाल तर पैसे मिळतील. त्यांना सरासरी साडेतीन मिनिटं जास्तच लागली. मात्र टाचण्या बाहेर काढलेल्या सोप्या रूपात पैशांनी वेग वाढला. इनामाने नजर एका रेषेत जाते. रेषा ठाऊक असेल तेव्हा ते उपयोगी, रेषा शोधायची असेल तेव्हा अडचणीचं. वहिनी आता दिवाळीत जास्त पाकिटं भरण्याबद्दल वेगळे पैसे देते, कल्पनेवर बोली लावत नाही. पाकिटाच्या मागे थापणाऱ्या हाताची तीन चित्रं आली आहेत, आणि लाटण्यावर फुली.

याहून अवघड गोष्ट पावसाळ्यात घडली. एका घाण्यात उडीद जास्त भाजला गेला आणि कुणी बोललं नाही. चाळीस किलो भाजणी कडवट होऊन दुकानांत गेली आणि परत आली. वहिनी रागावली, ओरडली. मला तो दिवस आवडला नाही आणि मी तिला तसं सांगितलं. रागावून काय होणार होतं? १९९० च्या दशकात एमी एडमंडसन यांनी रुग्णालयांतल्या तुकड्यांचा अभ्यास केला. चांगल्या तुकड्यांत चुका कमी असतील अशी त्यांची अटकळ होती. आकडे उलटे आले. नीट शोधल्यावर कळलं की चांगल्या तुकड्या जास्त चुका करत नव्हत्या, केलेल्या चुका सांगत होत्या. पुढे १९९९ मध्ये त्यांनी एका कारखान्यातल्या ५१ गटांत पाहिलं की जिथे चूक बोलायची भीती नाही तिथे शिकणं जास्त, आणि कामही चांगलं.

पुढच्या आठवड्यात वहिनीने सगळ्यांसमोर सांगितलं की तो घाणा मीही चाखला होता, मलाही शंका आली होती, आणि मी घाईत सोडून दिलं. ते खरं होतं. सांगताना तिचा आवाज कापत होता. काकू म्हणाल्या, "असू दे गं बाई." त्यानंतर घाणा बिघडला की दहा मिनिटांत कळतं.

मोठं गिऱ्हाईक कसं मिळालं, तेही थोडक्यात सांगतो. अलकापुरीतल्या ऑफिसांना जेवण पुरवणारे एक केटरर आहेत. वहिनी आधी दोनदा नमुना घेऊन गेली, दोनदा गोड नकार मिळाला. तिसऱ्या वेळी काहीच नेलं नाही, फक्त विचारलं, "डब्यात काय उरून परत येतं?" ते वीस मिनिटं बोलले. सकाळी केलेलं दुपारी दोनपर्यंत वातड होतं, हे त्यांचं खरं दुखणं. वहिनीने घरी येऊन दुधी किसून, ताकात भिजवून तळहाताएवढी थालीपिठं केली आणि दुपारी अडीचला नेऊन दिली, मुद्दाम गार.

शिकागोच्या कलाशाळेत गेट्झल्स आणि चिक्सेंटमिहाय यांनी असंच काहीसं पाहिलं होतं. विद्यार्थ्यांसमोर टेबलावर वस्तू ठेवून, हव्या त्या निवडून चित्र काढा, एवढंच सांगितलं. काही जण लगेच रंगायला बसले. काही जण वस्तू उचलत, फिरवत, जागा बदलत राहिले, काय काढायचं हेच ठरवत. या दुसऱ्या गटाची चित्रं परीक्षकांना जास्त अस्सल वाटली, आणि १९७६ मध्ये हा अभ्यास प्रसिद्ध झाला तेव्हा, काही वर्षांनंतर कलाकार म्हणून टिकलेल्यांतही तेच पुढे होते. केटररनी आता दर आठवड्याला वीस किलो सांगितली आहे.

सध्या घरात उपवासाच्या भाजणीची चर्चा आहे. राजगिरा, साबुदाणा, वरी. गुजरातीत उपवासाच्या पदार्थाला 'फराळी' म्हणतात, आणि आमच्या काकूंना फराळी म्हटलं की चकली-करंजीच दिसते. शब्द तोच, ताट वेगळं. त्याची खुंटी करायची की त्यानेच घोटाळा होईल, यावर दोन दिवस झाले. वहिनीने आज सकाळी चिठ्ठ्या वाटल्या आहेत. वाडगा ओट्यावर झाकून ठेवलाय, चार आल्या आहेत, काकूंची यायची आहे.