टेपवरचा ‘टी’: बाजारवेळेनंतरच्या सौद्यांची पार्श्वभूमी

अमेरिकी शेअर बाजारातील प्रत्येक सौद्याला दोन वेळा असतात: सौदा झाला ती आणि तो कळवला गेला ती. १८६७ मध्ये तारयंत्रावर चालणारा, भाव कागदी पट्टीवर छापणारा टिकर आला, तेव्हापासून टेप (सौद्यांची ती सलग नोंद) थोडी मागे राहणे सर्वांनी गृहीत धरले होते. बाजार संध्याकाळीही चालू राहू लागला आणि हे अंतर खऱ्या अर्थाने अडचणीचे ठरले. टेपवरचे ‘टी’ हे अक्षर नियमित वेळेबाहेर झालेल्या सौद्यांची खूण आहे.

१९६९ मध्ये संस्थात्मक गुंतवणूकदारांना आपापसांत व्यवहार करता यावेत म्हणून इलेक्ट्रॉनिक जाळे उभे राहिले आणि १९९१ मध्ये न्यूयॉर्कच्या सर्वांत मोठ्या बाजाराने दिवसाच्या बंद भावावर सौदे जुळवणारे सायंसत्र सुरू केले. १९९९ च्या सुमारास ऑनलाइन दलालांनी हे दार सामान्य ग्राहकांनाही उघडून दिले. पुढच्याच वर्षी महत्त्वाची माहिती निवडक लोकांना आधी सांगण्यास कंपन्यांना मनाई करणारा नियम लागू झाला. बाजार बंद झाल्यावर जाहीर होणाऱ्या निकालांवर संध्याकाळीच व्यवहार करणारे आता बरेच होते.

सौद्यांच्या नोंदीत दिसणारे ‘फॉर्म टी’ हे नाव याहून जुने आहे. मुळात तो कागदी नमुना होता. जे सौदे नोंदणीच्या संगणकीय यंत्रणेतून कळवणे शक्य नसे, ते दलाल त्यावर लिहून नियामक संस्थेकडे पाठवत. पुढे यंत्रणा संध्याकाळीही चालू राहू लागली, कागदाची गरज उरली नाही. पण सकाळी ९:३० ते दुपारी ४:०० या नियमित वेळेबाहेर झालेल्या सौद्याला ‘टी’ हे अक्षर जोडले जाऊ लागले आणि त्याला बोलताना जुनेच नाव चिकटले. त्यामुळे ‘फॉर्म टी’ म्हणजे काहीतरी दडवलेला किंवा उशिरा उघड केलेला सौदा, अशी समजूत रुजली, आणि ती चुकीची आहे. ‘टी’ फक्त सौदा केव्हा झाला ते सांगतो. उशिरा कळवलेल्या सौद्यांसाठी वेगळे शेरे, म्हणजे नोंदीला जोडलेल्या अशाच खुणा, आहेत. दुपारी ३:५० ला होऊन ४:१० ला कळवलेल्या सौद्याला विलंबाचा शेरा लागायला हवा, ‘टी’ नव्हे. आणि वेळेबाहेर होऊन वर उशिरा कळवलेल्या सौद्यासाठी तिसरेच अक्षर आहे. अनेक साध्या पडद्यांवर मात्र हे शेरे दिसतच नाहीत, तिथे उरतात फक्त वेळ, भाव आणि संख्या.

एक नोंद जवळून पाहू. समजा, शेअर २८.१० डॉलरवर बंद झाला आणि ४:१२ वाजता २७.४३ डॉलरने ४ लाख शेअर्सची ओळ उमटली. पाहणाऱ्याला वाटते, कोणीतरी घाईने पडेल भावात माल काढला. प्रत्यक्षात दलालाने ग्राहकाला दिवसाच्या सरासरी भावाची हमी दिलेली असू शकते आणि बाजार संपल्यावर त्याने आपल्या खात्यातून त्याच भावाने शेअर्स दिलेले असू शकतात. अशा सौद्याला सरासरी भावाचा शेरा असतो. तो पाहिला की २७.४३ या आकड्याला त्या क्षणाच्या बाजारभावाचा अर्थ राहत नाही. चारच्या ठोक्यानंतर काही क्षणांत उमटणारी प्रचंड संख्याही बहुधा समाप्तीच्या लिलावाची (दिवसाचा बंद भाव ठरवणाऱ्या एकत्रित सौद्याची) असते, बातमीवरच्या खरेदीची नव्हे.

सर्वाधिक वादाचा निर्णय याच शेऱ्यांच्या परिणामांबाबतचा आहे. एकत्रित टेपच्या, म्हणजे सर्व बाजारांतील सौदे एकत्र दाखवणाऱ्या नोंदीच्या, नियमांनुसार ‘टी’ सौदा दिवसाच्या उलाढालीत धरला जातो, पण त्यामुळे शेवटचा भाव, उच्चांक किंवा नीचांक बदलत नाही. यामागची बाजू समजण्यासारखी आहे: विरळ बाजारातल्या एखाद्या शंभर शेअर्सच्या सौद्याने दिवसाचा उच्चांक ठरू नये. पण भाव विश्वासार्ह नसेल, तर संख्या तरी निमूटपणे का मिसळावी, याचे समाधानकारक उत्तर या रचनेत मिळत नाही. काही माहिती पुरवठादार संध्याकाळचा भाव वेगळा दाखवतात, काही तो आलेखात ओततात. म्हणून एकाच दिवसाचे दोन आलेख जुळत नाहीत आणि वाचणारा स्वतःलाच दोष देतो. हा दोष त्याचा नाही.

२००५ मध्ये मंजूर झालेल्या नियमावलीत, दुसऱ्या बाजारात चांगला भाव उपलब्ध असताना त्याला डावलून सौदा करण्यास मनाई आली, पण ती नियमित वेळेपुरतीच. त्यामुळे संध्याकाळी विचित्र भावाने झालेला सौदा नियमभंग असेलच असे नाही. बाजाराबाहेरचे (शेअर बाजाराच्या मंचावर न होता दलालांमार्फत परस्पर होणारे) सौदे कळवण्याची मुदत ९० सेकंदांवरून २०१० मध्ये ३० आणि २०१३ मध्ये १० सेकंदांवर आली. त्याच २०१३ च्या डिसेंबरपासून शंभरपेक्षा कमी शेअर्सचे सौदेही टेपवर दिसू लागले. त्यामुळे आधीच्या आणि नंतरच्या काळातील सौद्यांची संख्या थेट ताडून पाहता येत नाही.

अलीकडे रात्री ८ ते पहाटे ४ या वेळेतही काही मंचांवर व्यवहार होतात. बाजाराबाहेरचे सौदे नोंदवण्याची सुविधा सकाळी ८ वाजता उघडत असे त्या काळात, आदल्या मध्यरात्रीनंतर बाजाराबाहेर झालेले सौदे कळवायला ८:१५ पर्यंतची मुदत होती. म्हणून आठच्या सुमारास रात्रीच्या भावांचा एक जुडगाच पडद्यावर येई, आणि जुन्या आकडेवारीत तो आजही सकाळच्या खरेदीची लाट वाटतो.