उपासना की आराधना? सीमाभागातल्या एका शब्दाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यात रविवारी सकाळी चर्चमध्ये चालणाऱ्या एकाच गोष्टीला पाच नावं आहेत. कोकणी बोलणारे कॅथलिक ‘मिसाक’ जातात, मराठी प्रोटेस्टंट ‘उपासनेला’ किंवा ‘भक्तीला’. कानडी प्रोटेस्टंट घरांत ‘आराधने’ म्हणतात, कानडी कॅथलिक घरांत ‘बलिपूजे’. नावात काय आहे, असं म्हणून हा विषय नेहमी बाजूला सारला जातो. तो सारू नये, कारण देवाशी आपलं बोलणं कसं चालतं याची समज या शब्दांतच मुरलेली आहे.

उपासना म्हणजे जवळ बसणं. आराधना या शब्दात प्रसन्न करून घेण्याचा भाव आहे. जवळ बसलेला माणूस बोलतो तसा ऐकतोही. प्रसन्न करायला निघालेला बहुतेक वेळ स्वतःच बोलत राहतो. मूळ ग्रीक शब्द मात्र या दोन्हींहून वेगळा आहे. योहान ४:२४ मधल्या क्रियापदाचा अर्थ लोटांगण घालणं. मराठी बायबलात तिथे ‘उपासना’ आहे, पण तेच क्रियापद मत्तय २:२ मध्ये मागी लोकांच्या, म्हणजे बाळ येशूला भेटायला पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी माणसांच्या, तोंडी आलं की ‘नमन’ होतं. मत्तय ४:१० मध्ये ‘नमन’ आणि ‘उपासना’ शेजारी शेजारी येतात, आणि तिथल्या ‘उपासने’मागे सेवेचा अर्थ असलेला दुसराच ग्रीक शब्द आहे. म्हणजे आपला एक शब्द दोन अर्थ वाहतो. कानडी बायबलाने योहानात आराधना हाच शब्द घेतला.

गेल्या काही दशकांत मराठी प्रार्थनासभांतून ‘स्तुती-आराधना’ हा जोडशब्द रुळला. त्यातली आराधना म्हणजे वचनाआधीची, म्हणजे उपदेशाआधीची गाणी. त्यामुळे पत्रिकेवर ‘आराधना सकाळी १० वाजता’ छापलं, तर मराठी तरुण ती गाण्यांची वेळ धरतो आणि कानडी आजी पापकबुलीपासून आशीर्वादापर्यंतचा सगळा विधी. नुसता वेळेचा घोळ असता तर निभावलं असतं. पण गाणी म्हणजेच आराधना असं एकदा ठरलं की शास्त्रवाचन हा दोन गाण्यांमधला थांबा होतो, आणि देवाची बोलण्याची पाळी आक्रसते.

सुरुवातीला असं नव्हतं. दुसऱ्या शतकाच्या मध्यातलं रोममधलं एक वर्णन आहे: रविवारी सगळे एकत्र जमत, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जात, मग बोध, मग सगळ्यांनी उभं राहून प्रार्थना, मग भाकर आणि द्राक्षारसावर उपकारस्तुती, आणि लोकांचं ‘आमेन’. जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी वाटा पोचवला जाई. आधी देव बोलतो, मग माणसं उत्तर देतात, हा क्रम तेव्हाच पक्का होता.

आपल्या बाजूला १६१६ मध्ये गोव्यात ख्रिस्तकथा ओवीत आली. १८२० मध्ये लंडनचं मिशन बेळगावात उतरलं. तरीही कॅथलिक वेदीवरची भाषा लॅटिनच राहिली. धर्मगुरू तिकडे लॅटिनमध्ये बोले आणि बाकांवरची माणसं रोझरीचे मणी ओढत. ४ डिसेंबर १९६३ च्या रोमच्या दस्तऐवजाने, म्हणजे दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेच्या उपासनाविषयक ठरावाने, लोकभाषेचं दार उघडलं, आणि कोणती लोकभाषा हे ठरवणं त्या त्या प्रदेशाच्या धर्माधिकाऱ्यांवर सोडलं. इथेच आपली गाठ बसली. बेळगावचा धर्मप्रांत १९५३ मध्ये गोव्यापासून वेगळा झाला होता, जिल्हा १ नोव्हेंबर १९५६ ला म्हैसूर राज्यात गेला होता. लोकभाषा म्हणजे घरातली की सरकारदरबारची? कबुली आईच्या भाषेतच नीट निघते. म्हणून हा प्रश्न राज्याच्या सीमेवरून सुटावा, हे उपासनेच्या दृष्टीने चुकीचंच आहे. १९६९ मध्ये भारतासाठी आरती, अंजलिहस्त, पंचांगप्रणाम अशा बारा गोष्टींना मान्यता मिळाली. त्यातला पंचांगप्रणाम, म्हणजे गुडघे, हात आणि कपाळ जमिनीला टेकवणं, त्या लोटांगणाच्या ग्रीक क्रियापदाच्या सगळ्यात जवळचा, पण शब्दांच्या वादात त्याच्याकडे फारसं कुणी पाहत नाही.

दोन भाषांची मंडळी एकत्र बसवायची तर काही गोष्टी सांभाळाव्या लागतात. वीस मिनिटांचा उपदेश वाक्यागणिक भाषांतराने चाळीस मिनिटांचा होतो, आणि वेळ भरून काढायला कात्री लागते ती वाचनांना. त्यापेक्षा उपदेशच दहा मिनिटांचा तयार करावा. एक वाचन मराठीत आणि शुभवर्तमान कानडीत घेतलं, तर दुसऱ्या भाषेतला उतारा छापून हातात द्यावा. मध्यस्थीच्या, म्हणजे इतरांसाठी मागण्याच्या प्रार्थनेत प्रत्येक विनंती एका वाक्याची असावी आणि तिचा शेवट ठरलेला असावा. शेवट बदलत राहिला की प्रतिसाद कुठे द्यायचा हे दुसऱ्या भाषेच्या माणसांना कळत नाही आणि ती गप्प होतात. प्रार्थना करणाऱ्याचं सर्वनामही ऐकावं. ‘तू’ सुटून ‘बंधूंनो, आपण’ सुरू झालं की डोळे मिटलेले असले तरी बोलणं लोकांशी चाललेलं असतं. जुन्या वळणाच्या मराठी घरांत वडिलांना ‘तुम्ही’ म्हणतात, पण स्वर्गातल्या पित्याला ‘तू’. विठ्ठलाला ‘तू’ म्हणणाऱ्या भाषेला ते जड गेलं नाही. जुन्या कानडी बायबलातही तिथे ‘निन्न’च, म्हणजे ‘तुझं’च आहे.

येशूने शिकवलेली प्रभूची प्रार्थना मात्र ज्याने त्याने आपापल्या भाषेत, एकाच वेळी म्हणावी. मराठीत ‘आमची रोजची भाकर’ मागतात, कानडीत ‘अनुदिनद आहार’. दोन्हींची लांबी सारखी नाही, म्हणून चालवणाऱ्याने पहिल्या ओळीनंतर ध्वनिक्षेपकापासून मागे सरकावं, नाहीतर त्याचीच भाषा दुसरीला ओढत नेते. आधी संपवणारे ‘आमेन’पाशी क्षणभर थांबतात आणि दुसरे पोचले की मिळून म्हणतात.