चांदीचे दागिने काळे का पडतात?

नवी अंगठी काही महिन्यांत काळवंडली की चांदीत भेसळ असावी, अशी शंका ग्राहकांच्या मनात येते. शंका स्वाभाविक आहे. परंतु केवळ काळेपणावरून चांदीचा कस ठरत नाही, कारण शुद्ध चांदीसुद्धा काळी पडते.

लोखंडाचा गंज आणि चांदीचा काळेपणा यांची कारणे वेगळी आहेत. नेहमीच्या तापमानाला नुसत्या ऑक्सिजनचा चांदीवर फारसा परिणाम होत नाही. तिचे खरे आकर्षण गंधकाकडे असते. कुजणाऱ्या पदार्थांतून आणि सांडपाण्यातून बाहेर पडणारा हायड्रोजन सल्फाइड हा वायू हवेत अत्यल्प प्रमाणात असतो. त्याची ऑक्सिजनच्या सान्निध्यात चांदीशी अभिक्रिया होऊन सिल्व्हर सल्फाइडचा थर तयार होतो, आणि हवा दमट असेल तर हे काम अधिक वेगाने होते. थर अगदी पातळ असताना दागिना पिवळसर दिसतो, मग तांबूस, जांभळट-निळा आणि शेवटी काळा.

९२५ चांदीत ९२.५ टक्के चांदी आणि उरलेले बहुधा तांबे असते. शुद्ध चांदी दागिन्यासाठी फार मऊ असल्याने हे तांबे आवश्यकच असते. मात्र तेही काळवंडत असल्यामुळे असा दागिना शुद्ध चांदीपेक्षा लवकर काळा पडतो.

रबरबँडने बांधून ठेवलेली साखळी सोडून पाहावी: रबर टिकाऊ करताना त्यात गंधक मिसळलेले असल्याने, ते जिथे टेकले होते नेमका तिथेच काळा पट्टा उमटलेला दिसतो. लोकरीतही गंधक असते. म्हणून दागिने कोरडे पुसून, प्रत्येक दागिना वेगळ्या हवाबंद पिशवीत ठेवावा.

आमचा आग्रह एका गोष्टीसाठी आहे. सिल्व्हर सल्फाइडच्या वजनात सुमारे ८७ टक्के चांदीच असते. पॉलिशच्या कापडावर जो काळा डाग उतरतो, तो मळ नसून बव्हंशी आपल्याच दागिन्याची चांदी असते. वारंवार घासल्याने बारीक नक्षी बोथट होते ती यामुळेच. त्याऐवजी काचेच्या भांड्यात अॅल्युमिनियमची फॉइल अंथरून तिला टेकेल असा दागिना ठेवावा आणि खाण्याचा सोडा घातलेले गरम पाणी ओतावे. गंधक चांदीला सोडून जाते आणि चांदी दागिन्यावरच राहते. या वेळी सडक्या अंड्यासारखा जो वास येतो तो सुटणाऱ्या गंधकयुक्त वायूचा असतो, तेव्हा खिडकी उघडी ठेवावी.

मोती, खडे किंवा चिकटवलेले भाग असलेल्या दागिन्यांना ही पद्धत मुळीच वापरू नये. ‘ऑक्सिडाइज्ड’ दागिन्यांनाही नाही, कारण नाव काहीही असले तरी त्यांच्या खाचांतील काळी छटा बहुधा गंधकाच्या संयुगांनी मुद्दाम आणलेली असते. ती गेली की नक्षीचा उठाव नाहीसा होतो. असे दागिने मऊ, कोरड्या कापडाने केवळ उंचवट्यांवर पुसावेत.