छोट्या मोटारीचे इनटेक आणि इंजिन ट्यूनिंग

हवा आत घेण्याचा मार्ग बदलून आणि इंधन-ठिणगीचा हिशोब नव्याने बसवून इंजिनाची ताकद किंवा प्रतिसाद सुधारण्याच्या कामाला सरसकट ‘ट्यूनिंग’ म्हणतात. ही नोंद साधारण ६०० ते १,६०० सीसीच्या पेट्रोल मोटारींपुरती आहे. तीनशे अश्वशक्तीच्या इंजिनात पाच टक्के वाढ म्हणजे पंधरा अश्वशक्ती; ऐंशीच्या गाडीत तीच वाढ जेमतेम चार. त्यामुळे छोट्या गाडीत कुठला भाग आधी बदलायचा आणि कुठल्याला हातच लावायचा नाही, या निवडीला फार महत्त्व येते. बहुतेक मालक सुरुवात एअर फिल्टरपासून करतात. तो बॉनेट उघडताच दिसतो, दहा मिनिटांत बदलता येतो आणि बदलल्यावर आवाजही खुलतो. पण बऱ्याच छोट्या गाड्यांत हवा फिल्टरपाशी अडतच नसते.

हवेचा हिशोब

चार-स्ट्रोक इंजिन दर दोन फेऱ्यांत एकदा आपल्या क्षमतेइतकी हवा ओढते. १,२०० सीसीचे इंजिन मिनिटाला ६,००० फेऱ्या करत असेल, तर हा आकडा मिनिटाला ३,६०० लिटर होतो. सिलिंडर तितके पूर्ण भरत नाहीत. ८५ टक्के भरले असे धरले तर सेकंदाला ५१ लिटर हवा आत जाते. इंजिनाला मात्र लिटरशी देणेघेणे नसते, हवेच्या वजनाशी असते. एक किलो पेट्रोल पुरते जाळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. पूर्ण ताकद हवी असेल तेव्हा मिश्रण थोडे रिच, म्हणजे पेट्रोल जास्त असलेले (हवा आणि पेट्रोल साडेबारा ते तेरास एक), ठेवतात. जास्त वजनाची हवा आत गेली तरच जास्त पेट्रोल जाळता येते. ताकद वाढवण्याचे बहुतेक उपाय इथेच येऊन मिळतात.

फिल्टर किती अडवतो हे घरच्या घरी मोजता येते, आणि काहीही विकत घेण्याआधी ते मोजावेच. पारदर्शक नळी इंग्रजी यू अक्षरासारखी वाकवून पट्टीवर बांधायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचे, एक टोक फिल्टर आणि थ्रॉटल (ॲक्सिलरेटरने उघडझाप होणारी हवेची झडप) यांच्यामधल्या पाइपाला जोडायचे आणि दुसरे मोकळे ठेवायचे. रहदारीला बंद असलेल्या जागी किंवा डायनोवर, म्हणजे ताकद मोजण्याच्या यंत्रावर, तिसऱ्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर पूर्ण दाबला की पाणी एका बाजूला चढते. ते शेजारी बसलेल्याने वाचायचे. दोन बाजूंच्या पातळ्यांत १० सेंटिमीटरचा फरक म्हणजे साधारण एक किलोपास्कल, आणि वातावरणाचा दाब सुमारे १०० किलोपास्कल. फरक १० सेंटिमीटर आला, तर फिल्टर, पेटी आणि पाइप सगळे मिळून फक्त एक टक्का अडवत आहेत. जगातला सर्वांत मोकळा फिल्टर बसवला तरी त्या एका टक्क्यापलीकडे काही परत मिळणार नाही. फरक २५-३० सेंटिमीटरवर गेला, तर मात्र फिल्टर बुजलेला आहे किंवा मूळ पेटी खरोखरच अरुंद आहे.

हे झाले ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावरचे. रोजच्या चालवण्यात थ्रॉटलची पाकळी अर्धवट मिटलेली असते आणि ती एकटीच फिल्टरच्या कितीतरी पट हवा अडवते. म्हणून मोकळ्या फिल्टरने ॲव्हरेज वाढते हा समज आजच्या गाड्यांना लागू पडत नाही. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ साली प्रसिद्ध केलेल्या चाचण्यांत, मुद्दाम बुजवलेल्या फिल्टरनेही इंधन-इंजेक्शनच्या गाड्यांचे ॲव्हरेज लक्षणीय घटले नाही. गाडीचा वेग पकडणे मात्र मंदावले.

थंड हवा की मोकळी हवा

मूळ पेटी काढून उघडा शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवणे हा सर्वांत लोकप्रिय बदल आहे, आणि पुष्कळदा तो तोट्याचा ठरतो. मूळ पेटीचे नाक बहुधा जाळीमागे किंवा मडगार्डच्या पोकळीत असते. तिथे बाहेरची थंड हवा मिळते. उघडा फिल्टर रेडिएटर आणि एक्झॉस्टच्या शेजारी बसून बॉनेटखालची तापलेली हवा ओढतो. बाहेर ३० अंश आणि फिल्टरपाशी ६० अंश असतील तर हवेची घनता नऊ टक्क्यांनी उतरते. ताकद तितकी घसरत नाही, कारण पुढे मॅनिफोल्डमध्ये (हवा सिलिंडरांत वाटणाऱ्या नळ्यांत) आणि सिलिंडरच्या तोंडाशी हवा तशीही तापते. डायनोच्या दुरुस्ती-सूत्रांत निरपेक्ष तापमानाचे वर्गमूळ धरतात. त्या हिशोबाने घट साडेचार टक्क्यांच्या आसपास येते. फिल्टरपायी एक टक्का कमावून तापमानापायी चार गमावण्यात काय हशील?

म्हणून इनटेक बदलायचाच असेल तर बाहेरची हवा घेणारा, बंद पेटीचा निवडावा. पाइप ॲल्युमिनियमचा की प्लॅस्टिकचा यावर फार डोके शिणवू नये. सेकंदाला ५१ लिटर हवा ६० मिलिमीटरच्या पाइपातून सुमारे १८ मीटर वेगाने धावते. ६० सेंटिमीटरचा पाइप ती सेकंदाच्या तिसाव्या भागात पार करते. एवढ्यात पाइप तिला काय तापवणार? पाइपाला उष्णतारोधक पट्टी गुंडाळण्यापेक्षा नाक कुठे आहे ते पाहावे. मात्र नाक बंपरच्या तळाशी नेले, तर साचलेल्या पाण्यातून जाताना इंजिन पाणी ओढते. पिस्टनला पाणी दाबता येत नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिन उतरवावे लागते. काही मोकळ्या अश्वशक्तींसाठी हा धोका पत्करणे मला अजिबात पटत नाही.

तेल लावलेले कापडी फिल्टर धुऊन पुन्हा वापरता येतात, पण बारीक धूळ रोखण्यात चांगला कागदी फिल्टर साधारणतः सरस असतो. आत गेलेली धूळ रिंगा आणि सिलिंडरची भिंत घासते. धुळीच्या रस्त्यांवर चालणाऱ्या गाडीत कागदच ठेवावा आणि वेळेवर बदलावा.

मूळ पेटीला लटकलेले ते विचित्र बंद डबे पाहून ते निरुपयोगी आहेत असे वाटते, पण ते रेझोनेटर असतात. काही आवाज दाबण्यासाठी, तर काही ठरावीक फेऱ्यांवर हवेच्या लहरी सावरण्यासाठी. पिस्टन खाली जाताना निर्वाताची एक लहर मॅनिफोल्डच्या नळीतून मागे धावते, मोकळ्या टोकाशी उलटते आणि दाबाची लहर होऊन परतते. व्हॉल्व्ह मिटण्याआधी ती पोहोचली तर थोडी जास्तीची हवा आत ढकलते. नळी ४० सेंटिमीटरची असेल तर जाऊन-येऊन ८० सेंटिमीटर. ध्वनीच्या वेगाने त्याला २.४ मिलिसेकंद लागतात, आणि ६,००० फेऱ्यांवर तेवढ्या वेळात क्रँक सुमारे ८५ अंश फिरतो. नळी लांब असली की हा मेळ कमी फेऱ्यांवर बसतो, आखूड असली की जास्त. त्यामुळेच आखूड, रुंद इनटेक बसवल्यावर वरच्या फेऱ्यांत थोडी ताकद वाढते आणि रहदारीत लागणारी खालची खेच हरवते. ‘आवाज छान येतो, पण दुसऱ्या गिअरला गाडी ओढत नाही’ ही तक्रार तिथूनच येते.

सेन्सर आणि ईसीयू

कार्ब्युरेटरच्या काळात हवा वाढवली की जेट, म्हणजे पेट्रोल सोडणारी बारीक तोटी, बदलावी लागे. प्लग काढून त्याचा रंग पाहत. काजळी म्हणजे मिश्रण रिच, फिकट तपकिरी म्हणजे ठीक, पांढराफटक म्हणजे लीन, पेट्रोल कमी. आज हे काम ईसीयू, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक, करतो, पण सेन्सर सांगतील तेवढेच त्याला कळते.

हवा मोजण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत. एकीत मॅनिफोल्डमधला दाब आणि हवेचे तापमान पाहून वजनाचा अंदाज बांधतात; अशी गाडी इनटेकमधले छोटे बदल बऱ्यापैकी पचवते. दुसरीत पाइपात बसवलेली तापलेली बारीक तार वाहत्या हवेने किती थंड होते यावरून वजन काढतात. इथे सावधपणा हवा. ही तार पाइपातल्या एका ठिकाणचाच प्रवाह अनुभवते. पूर्ण पाइपाचा हिशोब कारखान्याने मूळ व्यासावर बसवलेला असतो. ६० मिलिमीटरच्या जागी ६६ मिलिमीटरचा पाइप आला की क्षेत्रफळ २१ टक्क्यांनी वाढते, हवेचा वेग घटतो आणि सेन्सर सुमारे १७ टक्के कमी हवा सांगतो. ईसीयू तितके पेट्रोल कमी देतो. शांत चालवताना ऑक्सिजन सेन्सर ही चूक पकडतो आणि इंधनाची भर, म्हणजे फ्युएल ट्रिम, वाढवून भागवतो. ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर पुष्कळ गाड्या त्या सेन्सरचे ऐकणे थांबवून ठरलेल्या तक्त्यावर चालतात. मिश्रण लीन, भार पूर्ण, आच जास्त: पिस्टनचा माथा वितळतो तो अशा घडीला. शिवाय कापडी फिल्टरवर तेल जास्त झाले तर ते त्या तारेवर बसते आणि मोजणी आणखी बिघडते.

म्हणून इनटेक बसवल्यावर साधा स्कॅनर जोडून दीर्घकालीन ट्रिम वाचावा. आधी तो दोन-तीन टक्के होता आणि आता अधिक पंधरा दाखवत असेल, तर गाडी कितीही गोड चालली तरी तो पाइप त्या ईसीयूसाठी चुकीचा आहे. एक तर पाइप बदलावा, नाहीतर रिमॅप करून घ्यावा.

रिमॅपमध्ये इंधनाचे, ठिणगीच्या वेळेचे आणि टर्बो (एक्झॉस्टच्या जोरावर हवा दाबून आत ढकलणारा कंप्रेसर) असेल तर दाबाचे तक्ते नव्याने लिहितात. टर्बो नसलेल्या छोट्या इंजिनात यातून क्वचितच दहा टक्क्यांपर्यंत जाता येते, बहुधा त्याच्या निम्मेच हाती लागते. कारखान्याने ठिणगीची वेळ आधीच बरीच पुढे नेलेली असते, आणि ती आणखी पुढे नेली की नॉकिंग, म्हणजे मिश्रणाचा आपोआप होणारा स्फोट, सुरू होते. जास्त ऑक्टेनचे पेट्रोल नॉकिंगला जास्त काळ तग धरते, पण त्यात जादा ऊर्जा नसते. नॉकिंगने न अडलेल्या इंजिनात ते ओतून उपयोग नाही.

टर्बो गाडीचे गणित वेगळे. उंची, उष्णता, हलक्या दर्जाचे इंधन आणि वर्षानुवर्षांची झीज यांसाठी कारखाना बरीच राखीव जागा सोडतो. त्यातली काही वापरली तर वीस ते तीस टक्के टॉर्क वाढू शकतो. इथे इनटेकही जास्त फळतो, कारण कंप्रेसरच्या तोंडाशी झालेली दाबघट पुढे पटीने वाढत जाते. पण छोट्या थेट-इंजेक्शन (पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारणाऱ्या) टर्बो इंजिनांना एक खास दुखणे आहे: कमी फेऱ्यांवर जास्त दाब दिला तर ठिणगीआधीच मिश्रण पेट घेते आणि एका फटक्यात पिस्टनची कड तुटू शकते. चांगला ट्यूनर म्हणूनच दोन हजार फेऱ्यांखाली हात आखडता घेतो. ज्या फाइलची जाहिरात ‘खालूनच धक्का’ अशी असते, ती मी तरी कुठल्याही गाडीत टाकू देणार नाही. याच इंजिनांत इनटेक व्हॉल्व्हवरून पेट्रोल वाहत नसल्याने क्रँककेसच्या तेलकट वाफेची काजळी तिथे साचते. जुन्या गाडीत ती साफ केल्याने कधी कधी नव्या फिल्टरपेक्षा जास्त ताकद परत येते.

ॲक्सिलरेटरच्या पॅडलला जोडायच्या इलेक्ट्रॉनिक पेट्या फक्त पाय किती दाबला आणि थ्रॉटल किती उघडला यांचे नाते बदलतात. पिकअप वाढल्यासारखा वाटतो, ताकद तीच राहते. तापमान सेन्सरवर लावायचे रेझिस्टर ईसीयूला हवा थंड असल्याचे खोटे सांगतात. ते मुळीच घेऊ नयेत.

पूर्वसूरी

छोट्या इंजिनातून ताकद काढण्याची परंपरा जुनी आहे. १९५९ सालच्या मिनी या ब्रिटिश छोट्या मोटारीत ८४८ सीसी आणि ३४ अश्वशक्ती होती. १९६१ साली जॉन कूपर यांच्या नावाने आलेल्या मिनी कूपरमध्ये स्ट्रोक लांबवून ९९७ सीसी केले, दोन कार्ब्युरेटर बसवले आणि ५५ अश्वशक्ती मिळवली. त्या इंजिनाची मुख्य अडचण सिलिंडर हेडमध्ये होती: चार सिलिंडरना मिळून हवा घ्यायला दोनच दारे, शेजारी-शेजारी सिलिंडर एकमेकांच्या तोंडचा घास पळवत. त्यामुळे हेडची दारे घासून मोकळी करणे ही तिथे एक कलाच झाली. आणि त्याच गाडीला पुढे डिस्क ब्रेकही दिले होते, हे विसरू नये. टॉर्क वाढला की क्लच, ब्रेक आणि टायर यांच्यावरही भार येतो.

निवडीचा क्रम

सुरुवात सर्व्हिसिंगने करावी: प्लग, फिल्टर, मॅनिफोल्डमधली हवेची गळती, कम्प्रेशन, अडकणारे ब्रेक. पुष्कळ ‘मंद’ गाड्या इथेच बऱ्या होतात. नंतर वजन. ९०० किलोच्या गाडीतून ४० किलो उतरवले तर ते साडेचार टक्के ताकद वाढवल्यासारखेच आहे, आणि वळणावर व ब्रेकलाही त्याचा फायदा मिळतो. त्यानंतर टर्बो असेल तर सौम्य रिमॅप; नसेल तर एक्झॉस्टचा सुरुवातीचा भाग, इनटेक आणि रिमॅप एकत्र ठरवावेत, कारण सुटे सुटे केल्यास प्रत्येकाचा फायदा नगण्य राहतो. कॅमशाफ्ट (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) बदलणे हे शर्यतीच्या गाडीचे काम. रोजच्या गाडीचा आयडल त्याने बिघडतो. धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढण्याला मात्र कुठलेच समर्थन नाही: धूर विषारी होतो आणि छोट्या इंजिनात मिळणारी वाढ किरकोळ असते. बदलाची परवानगी, विमा आणि वॉरंटी यांचे नियम देशोदेशी वेगळे असल्याने ते आधी पाहून घ्यावेत.

फरक मोजायचा तर एकाच डायनोवर, एकाच दिवशी, टायरमध्ये तीच हवा ठेवून, आधी आणि नंतर किमान तीन-तीन वेळा मोजावा. एकाच गाडीच्या दोन धावांतही एक-दोन टक्के फरक पडतो, त्यामुळे एका धावेवर दाखवलेली दोन टक्के वाढ खरी मानता येत नाही. नुसता कमाल अश्वशक्तीचा आकडा न पाहता २,००० ते ४,००० फेऱ्यांमधली टॉर्कची रेघ पाहावी. छोट्या गाडीचे बहुतेक आयुष्य तिथेच जाते.

मूळ एअर फिल्टरची पेटी, तिचे डबे, पट्ट्या आणि रबरी बूच कापून किंवा फेकून देऊ नयेत. एका खोक्यात नावे लिहून जपून ठेवावेत. धुराच्या तपासणीला, गाडी विकताना, किंवा नवा पाइप आणूनही मोजणीच्या यू-नळीतली पाण्याची पातळी जिथल्या तिथेच राहिली तर, तीच पेटी परत बसवावी लागते.