खाऱ्या हवेतला अँटिक मुलामा

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यालगत जी नवी घरं उठतायत, त्यांच्या स्वयंपाकघरात सध्या जुनेपणा मुद्दाम आणवला जातो. ट्रॉल्यांना काळपट पितळी हँडलं, सिंकवर ‘अँटिक ब्रास’चा नळ, कपाटांच्या दारांवर रंग लावून तो पुन्हा कडांपाशी खरवडलेला, ओट्यामागे उघड्या चिऱ्याची भिंत. गृहप्रवेशाच्या दिवशी सगळं झकास दिसतं. पुढे मात्र पंचाईत अशी, की वस्तू जुन्या करण्याचा उद्योग कोकणची हवाही करते, आणि तिची पद्धत कारखान्याच्या पद्धतीशी जुळत नाही.

स्वस्तातलं एखादं अँटिक हँडल मधोमध कापून पाहिलं, तर आत बहुधा पितळ सापडतच नाही. आत असते जस्ताची राखाडी मिश्रधातू. जस्त ४२० अंशांच्या आसपास वितळतं, साच्यात ओतलं की वेलबुट्टी बारकाव्यासकट उठते, शिवाय ते पितळेपेक्षा स्वस्त पडतं. त्यावर तांब्याचा मुलामा, त्यावर पितळेचा. दोन्ही मिळून जाडी काही मायक्रॉन, आणि माणसाचा केस साधारण सत्तर मायक्रॉनचा असतो. मग हे हँडल सल्फाइडच्या द्रावणात बुडवतात. पृष्ठभागावरच्या तांब्याचं काळं सल्फाइड व्हायला काही मिनिटं पुरतात. नंतर बफिंगच्या चाकावर धरून उंचवटे घासले, की उंचवटे पिवळे आणि खाचा काळ्या. वर्षानुवर्षं हात फिरलेल्या पितळेचं नेमकं हेच लक्षण असल्यामुळे डोळा फसतो. शेवटी पारदर्शक लॅकरचा हात मारून हा देखावा कुलूपबंद करतात.

ह्या रसायनात खोटं काही नाही. आजीच्या समईवरही तांब्याची ऑक्साइडं आणि थोडी सल्फाइडंच चढलेली असतात. तिथे थर सावकाश वाढतो, आणि जाड होत जाईल तशी त्याच्या वाढीची गती मंदावते, कारण आतल्या धातूचे आणि बाहेरच्या ऑक्सिजनचे कण त्याच थरातून एकमेकांकडे सरकणार, आणि ती वाट लांबत जाते. समईचा काळेपणा म्हणजे एका अर्थी तिचं चिलखत.

हे गणित बिघडवतं मीठ. लाटा फुटतात तेव्हा उडणारे सूक्ष्म खारे थेंब वाऱ्यावर आत येतात. किनाऱ्यापासून पहिल्या काही शे मीटरांत त्यांचं प्रमाण झपाट्याने कमी होतं, म्हणून समुद्र दिसणाऱ्या घराची आणि दोन किलोमीटर आतल्या घराची अवस्था वेगळी. शुद्ध मीठ हवेतली आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आसपास गेली की पाणी ओढून विरघळतं. समुद्राच्या मिठात मॅग्नेशियम क्लोराइडही असतं, आणि त्याला ३३ टक्के आर्द्रताही पुरते. कोकणात पावसाळ्यातच काय, थंडीतल्या दुपारीसुद्धा हवा सहसा त्याहून दमट. म्हणजे हँडलवर बसलेला मिठाचा अदृश्य थर जवळजवळ बारा महिने ओला राहतो, आणि खारं पाणी विजेचं उत्तम वाहक.

आता त्या मुलाम्यात सुईच्या टोकाएवढं छिद्र आहे असं धरा. धरायला कशाला हवं, इतक्या पातळ मुलाम्यात ती असतातच. छिद्राच्या तळाशी जस्त, भोवती तांबं-पितळ, वरून खाऱ्या पाण्याचा पडदा. झाली तयार चिमुकली बॅटरी. दोन धातूंत जस्त इलेक्ट्रॉन सोडायला जास्त उतावीळ, म्हणून झिजतं तेच. त्यातही वरच्या तांब्याचं क्षेत्र प्रचंड आणि उघडं पडलेलं जस्त टिंबाएवढं, त्यामुळे सगळा मारा त्या एका टिंबावर. आत पांढरी भुकटी साचते, ती धातूपेक्षा जास्त जागा मागते, मुलामा फुगतो आणि पापुद्रा निघतो. खाली दिसते ती राखाडी धातू, आणि तिला अँटिक कुणी म्हणणार नाही. लॅकरचंही तेच. ट्रॉली उघडताना अंगठीचा ओरखडा गेला की तिथून ओल आत शिरते आणि लॅकरखाली वाळवीच्या वाटेसारखे काळसर डाग पसरत जातात. वर लॅकर शाबूत असल्यामुळे ते चिंचेने घासून जात नाहीत, ही वर आणखी चेष्टा.

बाहेरच्या दाराची कडी निदान पावसात धुतली जाते. रत्नागिरीत वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, त्यात मीठ वाहून जातं. पागोळीआडच्या बिजागरीला आणि खिडकीजवळच्या ट्रॉलीच्या हँडलला हे भाग्य नाही. मीठ येतं ते तिथेच राहतं. छपराखालचा धातू उघड्यावरच्यापेक्षा जास्त गंजलेला दिसतो तो बरेचदा यामुळे.

म्हणून किनाऱ्यावर घ्यायचं तर भरीव पितळ घ्यावं, तेही लॅकर न मारलेलं, हे माझं स्पष्ट मत. त्यात वरचं आणि आतलं एकच, त्यामुळे पापुद्रा निघायचा सवाल नाही. दुकानात चुंबक नेऊन उपयोग अर्धाच. आत लोखंड असेल तर तो चिकटेल, पण जस्तालाही चिकटत नाही आणि पितळेलाही. वजन मात्र बोलतं, कारण त्याच आकाराचं पितळ जस्ताच्या मिश्रधातूपेक्षा साधारण पाव पटीने जड भरतं. स्क्रूच्या भोकात कानस लावून पाहिलं तर पिवळं की राखाडी हे लगेच कळतं. अर्थात भरीव पितळही अमर नव्हे. जस्ताचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर असलं की खारी ओल त्यातलं जस्त वेचून काढू शकते आणि सच्छिद्र तांबं मागे राहतं. गुलाबीसर ठिपके दिसले तर ते हेच. हँडलला त्याने फारसं बिघडत नाही, नळाच्या आतल्या भागाला बिघडतं.

भरीव पितळ परवडत नसेल तर स्टेनलेस स्टीलवर पीव्हीडी पद्धतीने चढवलेला पितळी रंग बघावा. निर्वात पेटीत झिर्कोनियम नायट्राइडसारखा कठीण थर जवळजवळ अणूअणूने बसवतात. बनावटीतली सर्वांत टिकाऊ बनावट हीच. खालचं स्टील ३०४ प्रतीचं असलं तर समुद्राजवळ चहासारखे डाग उमटतात. ३१६ प्रतीत दोन टक्क्यांच्या वर मॉलिब्डेनम असतं आणि ते क्लोराइडला बऱ्यापैकी तोंड देतं.

तांब्याच्या हिरवेपणाबद्दल एक सावधगिरी. न्यूयॉर्कचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा १८८६ मध्ये उभा राहिला तेव्हा तांबूस होता, विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात तो हिरवा पडला, आणि त्या थरानेच आतलं तांबं राखलं. पुतळ्यावर ते शोभतं. ओट्यावरच्या पातेल्यात नाही. आमसुलाचं सार किंवा चिंचेची आमटी तांब्यापितळेत राहिली तर आम्लं तांब्याचे क्षार विरघळवून अन्नात आणतात. म्हणून तर आत कल्हई. नवसागर टाकून तापलेल्या भांड्यावर २३२ अंशांना वितळणारं कथील फिरवलं की अन्न आणि तांबं यांच्यात आडपडदा तयार होतो. मांडणीवर शोभेला आणलेली जुनी भांडी वापरायची असतील तर आधी कल्हई, आणि पितळ कुठलं-कसलं हे ठाऊक नसेल तर त्यात शिजवूच नये. पितळेत शिसं मिसळायची रीत जुनी आहे.

बिडाच्या तव्याची काळी झिलई हा तर स्वयंपाकघरातला सर्वांत उपयोगी जुनेपणा. ती झिलई म्हणजे तेलाचे रेणू उष्णतेने आणि ऑक्सिजनने एकमेकांत गुंतून झालेलं पॉलिमर. गुंतायला तेलात दुहेरी बंध लागतात, आणि त्यांचा अंदाज आयोडीन मूल्यावरून येतो. जवसाच्या तेलाचं ते १७० च्या वर, शेंगदाण्याचं नव्वदीच्या आसपास, आणि आपल्या लाडक्या खोबरेलाचं अकराच्या आत. घावणे काढताना नारळाच्या शेंडीने खोबरेल फिरवावं, त्याला तोड नाही. पण नवा तवा तयार करायचा असेल तर जवसाचं नाहीतर शेंगदाण्याचं तेल अगदी पातळ पुसून तवा धुरावेपर्यंत तापवावा, आणि हे पाच-सहा वेळा करावं. इथे सुतारांचं बेलतेल चालत नाही. ते जवसाचंच असलं तरी लवकर सुकावं म्हणून त्यात धातूंचे क्षार घातलेले असतात. लाकडाला ते उत्तम. फक्त पुसलेले बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नयेत, सुकताना तापून ते आपसूक पेट घेऊ शकतात.

लाकडाच्या बाबतीत कोकणाला खोटा रंग विकत आणायची गरजच नाही. फणसाची फळी रंधा मारल्यावर हळदीसारखी पिवळी असते आणि उजेडात हळूहळू तपकिरी, मग तांबूस गडद होते. तिच्यात मोरिन नावाचं रंगद्रव्य असतं, आग्नेय आशियातल्या भिक्खूंची चीवरं ह्याच लाकडाने रंगवत. काळा जुनेपणा हवा असेल तर हिरड्याचा काढा लाकडाला पाजून वर हिराकशीचं पाणी फिरवावं. हिरड्यातलं टॅनिन आणि हिराकशीतलं लोह भेटले की काळी शाई लाकडाच्या आतच तयार होते. जुन्या पोथ्यांच्या काळातली ही कृती आजच्या ‘डिस्ट्रेस्ड’, म्हणजे मुद्दाम खरवडलेल्या, रंगापेक्षा कितीतरी खोल जाते. ओरखडा गेला तरी खाली फिकट एमडीएफ, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, हसत नाही. एमडीएफ तर दमट हवेत कडांना फुगतोच, त्यामुळे सांगाडा पाण्याला टिकणाऱ्या मरीन प्लायचाच करावा. भारतीय मानक ७१० हा शिक्का पाहून घ्यावा.

उघडा चिरा दिसतो देखणा, पण शेगडीमागे नको. तो स्पंजासारखा सच्छिद्र, फोडणीचं तेल पितो आणि परत देत नाही. त्या एका पट्ट्यावर काच नाहीतर टाइल लावून बाकी भिंत उघडी ठेवता येते. खाली लाल कोबा करणार असाल तर निर्धास्त करा. त्यातला रंग म्हणजे लोहाचं ऑक्साइड, गंजून झालेलंच लोखंड. समुद्राला त्याचं आणखी काही बिघडवता येत नाही.

राहिला प्रश्न बंद घरांचा. कोकणातली कितीतरी स्वयंपाकघरं गणपती आणि शिमगा सोडला तर कुलपात असतात. रोजच्या वापरातलं हँडल हाताने पुसलं जातं, बंद घरात पुसणारं कुणी नाही आणि मीठ फटीतून येतच राहतं. निघायच्या आदल्या दिवशी पितळ गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसून, पूर्ण कोरडं करून, त्यावर मेणाचा पातळ हात द्यावा. तवा तापवून तेलाचं बोट फिरवावं आणि कागदात गुंडाळून ठेवावा. ट्रॉल्या दोन-दोन बोटं उघड्या ठेवाव्यात. सिंकखालची ओली फडकी मात्र आठवणीने बाहेर काढावीत, बंद कपाटातली हवा दमट ठेवायला तेवढी पुरतात.